एका डोळ्याचे तीन दिवस

वैद्यकाच्या इतिहासात कल्याणचं नाव निघालं की आपण आनंदीबाई जोशींपाशी थांबतो. ३१ मार्च १८६५ ला कल्याणात जन्म, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. शिकता शिकता आजारी पडलेली, आणि दुखणं अंगावर काढून शिकलेली ही मुलगी आपल्याच गावची. तिच्या जन्माच्या पंधरा-सोळा वर्षं आधी पॅरिसमध्ये आणखी एका विद्यार्थिनीने दुखणं असंच एक अख्खा दिवस अंगावर काढलं होतं. तिचं नाव एलिझाबेथ ब्लॅकवेल. अमेरिकेत डॉक्टर झालेली पहिली स्त्री म्हणून ती पाठ्यपुस्तकात असते. तिचा डावा डोळा शिकत असताना गेला, हे मात्र मेडिकलच्या मुलांनाही सहसा माहीत नसतं.

मी डोंबिवलीत डोळ्यांची प्रॅक्टिस करते. कळव्याला, मुंबईला, नवी मुंबईला मेडिकलला जाणारी मुलं आमच्याच गल्ल्यांतून पहाटेची लोकल पकडतात, आणि डोळा दुखला की सगळ्यात उशिरा तीच दाखवायला येतात. त्यांच्यासाठी हा घटनाक्रम लिहावासा वाटला. ब्लॅकवेलने १८९५ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात त्या दिवसांच्या डायरीतल्या नोंदी आहेत. पुढचे प्रहर त्याच नोंदींवरून घेतलेत.

दहा महिने आधी

२३ जानेवारी १८४९. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातल्या मेडिकल कॉलेजातून ब्लॅकवेल एम. डी. झाली. वय २७, वर्गात पहिली. त्याआधी एकामागून एक कॉलेजांनी तिला नकार दिला होता. जिनिव्हाच्या प्राध्यापकांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला, आणि मुलांनी गंमत वाटून होकार दिला. ती खरंच येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती आली, बसली, शिकली.

तिला सर्जन व्हायचं होतं. ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना विसरू नये. हात कापाकापीत बसायला हवा तर मोठ्या हॉस्पिटलात रुग्ण पाहायला हवेत, म्हणून ती युरोपात गेली. पॅरिसमध्ये तिच्या पदवीची कुणी दखल घेतली नाही. एकच दार उघडं होतं, तेही मागचं: ला मातेर्निते, सरकारी प्रसूतिगृह. तिथे खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना सुईणपण शिकवत. डॉक्टर झालेल्या बाईने त्यांच्या रांगेत विद्यार्थिनी म्हणून बसायचं, अशी अट. ब्लॅकवेलने ती मान्य केली.

चार महिने आधी

३० जून १८४९. ला मातेर्निते पूर्वी पोर्ट-रॉयलचा मठ होता. उंच भिंती, आत अंगण, एका लांबलचक खोलीत मुलींचे पलंग. मनात आलं म्हणून बाहेर जाता येत नसे. दिवसपाळी, रात्रपाळी, मधल्या वेळात लेक्चर. मुख्य सुईण मादाम शारिये, प्राध्यापक पॉल द्युब्वा. आपल्याकडे इंटर्नशिपमध्ये लेबर रूमची पोस्टिंग लागली की मुलं म्हणतात, ‘पंधरा दिवस आता आम्ही मेलो.’ ब्लॅकवेलने हे महिनोन्‌महिने केलं, परक्या भाषेत. आणि तिथे एवढ्या प्रसूती पाहायला मिळत की तसा अनुभव दुसरीकडे कुठेही मिळाला नसता, हेही तिने मोकळेपणाने लिहिलंय. द्युब्वांनी तर तिला वर्षभर राहून सुवर्णपदक मिळवायचा सल्ला दिला होता.

तिथेच इपोलित ब्लो नावाचा तरुण डॉक्टर होता. शिकायची आवड असलेला, सूक्ष्मदर्शकाचं वेड असलेला. तिच्याकडून इंग्रजी शिकायची त्याची इच्छा होती. पुढे त्या तीन दिवसांत हाच माणूस तिच्या उशाशी असणार होता.

रविवार, ४ नोव्हेंबर १८४९, पहाट

बाहेर अजून अंधार. वॉर्डात एक तान्हं बाळ, त्याचे डोळे पुवाने भरलेले. आज आपण याला नवजात बाळाचा पुवाळलेला नेत्रदाह म्हणतो. आईच्या जननमार्गात परम्याचे जंतू असले तर जन्म होता होताच ते बाळाच्या डोळ्यांत शिरतात. दोन ते पाच दिवसांत पापण्या सुजून टरारतात. त्या काळी युरोपातल्या अंधशाळांत बसलेल्या कितीतरी मुलांची दृष्टी अशीच गेलेली असे.

असं बाळ ज्याने हाताळलंय त्याला एक गोष्ट ठाऊक असते. पापण्या इतक्या सुजलेल्या असतात की त्यांच्यामागे पू दाबाखाली साचून राहतो. बोटाने पापणी हलकेच वर करावी, तर तो पातळ पिवळा द्रव एकदम उसळून बाहेर येतो. बाळ मान झटकतं, रडतं, डोळे अजूनच आवळून घेतं. म्हणून आम्ही शिकवताना सांगतो: चष्मा घातल्याशिवाय या बाळाची पापणी उघडायची नाही, चेहरा समोर आणायचा नाही, बाजूने उभं राहायचं. १८४९ मध्ये ना हातमोजे होते ना संरक्षक चष्मा. दिव्याचा उजेड मंद, म्हणून वाकून बघावं लागे. उपचार एवढाच की पिचकारीने डोळा धुऊन काढायचा.

ब्लॅकवेल पिचकारीने बाळाचा डोळा धूत होती. त्यातलं थोडं पाणी उलट उडालं आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेलं.

पुढची दहा मिनिटं

या दहा मिनिटांत तिने काय केलं, याची नोंद नाही. आज काय करायचं ते सांगते, कारण सगळ्या घटनाक्रमात हातात असलेली वेळ एवढीच.

काम थांबवायचं. बाळ, बाई, जो कुणी समोर असेल त्याला शेजारच्या सिस्टरच्या किंवा रेसिडेंटच्या हाती द्यायचं. खुर्चीत बसून मान मागे टाकायची आणि दुसऱ्या कुणाला तरी डोळ्यावर सलाईन किंवा स्वच्छ पाणी सावकाश ओतायला सांगायचं. स्वतःच्या हाताने बेसिनवर दोन हबके मारून भागत नाही. डोळा चोळायचा नाही. साबण, डेटॉल, स्पिरिट काहीही डोळ्यात जाता कामा नये. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुवून होईपर्यंत तशीच ठेवायची, मग काढून स्वच्छ करायची. आणि लगेच कळवायचं, नोंद करायची. रक्त किंवा शरीरातला द्राव उडाला असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. हे सगळं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या सूचनांत आहे. बऱ्याच वॉर्डांच्या भिंतीवर तक्ता लावलेलाही असतो. त्याच्यासमोरून मुलं रोज जातात.

रविवार, सकाळ ते संध्याकाळ

ब्लॅकवेल दिवसभर वॉर्डात राबत होती. जखमेच्या कडा धरून ठेवणारा एक छोटा स्प्रिंगचा चिमटा तेव्हा नवीन निघाला होता. तो पहिल्यांदा लावताना तिने त्या दिवशी पाहिला, आणि ही गोष्ट तिने आवर्जून लिहून ठेवली. दुपारभर डाव्या डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं खुपत होतं. हे काय असू शकतं याचा विचार करायचीही तिला भीती वाटत होती.

तिच्या डायरीतल्या या दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्यात. एकाच नोंदीत, शेजारी शेजारी: नव्या चिमट्याचं कौतुक आणि डोळ्यातला कण. तिला माहीत होतं. हा रोग एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, एवढं जंतू सापडायच्या आधीही डॉक्टरांना अनुभवाने कळलेलं होतं. नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीनंतर सैनिकांत पुवाळलेल्या डोळ्यांची साथ युरोपभर पसरली, त्या साथीने पलटणीच्या पलटणी आंधळ्या झाल्या होत्या. सकाळी डोळ्यात पाणी उडालं, दुपारी डोळा खुपतोय. हा हिशेब जुळवायला तिला प्राध्यापकाची गरज नव्हती. तरी ती संध्याकाळपर्यंत वॉर्डात राहिली.

का राहिली, हे मला विचारावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एक इंटर्न मुलगी संध्याकाळी माझ्या दवाखान्यात आली. डोळा लाल, पापणीला सूज.

“मॅडम, काल रात्री डिलिव्हरीच्या वेळी उडालं.”

“काल रात्री? मग आत्ता का आलीस?”

“बरोबरची मुलगी एकटीच होती. तिला सोडून कसं येणार? मग सकाळी राउंड होता. मग गाडीला गर्दी...”

तिने पाणी मारलं होतं, तेही घाईघाईत. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर सगळे तिच्याकडेच बघतील, फॉर्म भरावे लागतील, कुणाला तरी तिची ड्युटी घ्यावी लागेल. तिच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा अपराधीपणा जास्त होता, जणू डोळा लाल होणं ही तिची कामचुकारी होती. तिचा डोळा बरा झाला. औषधंही मुदतीत सुरू झाली. पण ती ज्या तासाला माझ्याकडे आली, त्या तासाला ब्लॅकवेलची लढाई अर्धी हरलेली होती. या मुलीच्या डोळ्यात परम्याचा जंतू शिरला नव्हता, एवढाच काय तो फरक.

रविवार, रात्र

डोळा चांगलाच सुजला.

आत काय चाललं होतं ते आज आपल्याला ठाऊक आहे. डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा, कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक. वरचा पेशींचा थर शाबूत असेल तर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. आधी ओरखडा पडावा लागतो, कचरा जावा लागतो, मग ते घुसतात. परम्याचा जंतू मात्र शाबूत थरातूनही आत शिरू शकणाऱ्या मोजक्या जंतूंपैकी एक आहे. तो काही तासांतही उफाळू शकतो. बुबुळाभोवतीचं पांढरं फुगतं, कॉर्नियाच्या कडेवर चढतं, त्या खाचेत पू साचतो, आणि जंतूंशी लढायला आलेल्या पेशींचे पाचकरसही कॉर्नियाच विरघळवू लागतात. उपचार नसेल तर एक-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पडू शकतं. डोळ्यांच्या रोगांत इतका झपाटा फार थोड्यांना आहे.

आज याला सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन आणि सतत सलाईनने धुणं पुरतं, वेळेत आलं तर. कॉर्नियाला धक्का लागला असेल तर दाखल करावं लागतं. ते औषध सरकारी दवाखान्यातही असतं. ब्लॅकवेलच्या रात्री ते कुठेच नव्हतं. हा जंतू नायसरने शोधला १८७९ मध्ये, तीस वर्षांनी. लाइपझिगच्या क्रेडेने नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि १८८१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच्या प्रसूतिगृहात दहा टक्क्यांच्या आसपास असलेला हा रोग एका टक्क्याच्याही खाली आला. एक थेंब. ब्लॅकवेल ज्या बाळावर वाकली होती, त्याला जन्मतः तो मिळाला असता तर कदाचित दोघंही या रोगातून सुटले असते.

सोमवार, ५ नोव्हेंबर, सकाळ

पापण्या पुवाने एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. डोळा उघडेना.

तिने बरं होईपर्यंत बाहेर जायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली.

संस्थेचा नियम होता, आणि तिथल्या माणसांच्या मनात वाईट नव्हतं. पुढे त्यांनीच तिची शुश्रूषा मायेने केली, असं ती लिहिते. तरीही ही ओळ माझ्या घशाखाली उतरत नाही. डॉक्टर असलेली बाई, आपल्याला काय झालंय हे स्वतः ओळखणारी, सांगते की मला जाऊ द्या, आणि तिला सांगितलं जातं की जाता येणार नाही. वैद्यकीय शिक्षणात ही गोष्ट आजही पूर्ण गेलेली नाही. रुग्णाला ताप आला तर तो रुग्ण असतो. विद्यार्थ्याला ताप आला तर त्याची हजेरी असते, टर्म असते, बदली माणूस असतो. रजेचा अर्ज लिहायला बसलेल्या मुलाला आधी आपण खोटं बोलत नाही हे सिद्ध करावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की डोळ्यात काही उडालेल्या मुलाला अर्ज लिहायला लावू नये. त्याला उठवून खुर्चीत बसवावं.

परवानगी नाकारल्यावर ती त्याच इमारतीतल्या इन्फर्मरीत गेली. डोळा तपासायला ब्लो आला. त्याने बघितलं, आणि त्याला काही सांगायची गरज उरली नाही.

सोमवार दुपार ते बुधवार

ब्लोने वरिष्ठांची परवानगी काढली आणि सुरुवातीचे दिवस फक्त तिच्यासाठी दिले. त्या काळच्या वैद्यकाकडे जे होतं ते सगळं त्याने ओतलं. पापण्यांच्या आतल्या बाजूला डाग दिले. कपाळाच्या कडेला जळवा लावल्या. गार पाण्याच्या घड्या. बेलाडोनाचं मलम. कपाळावर अफू. जुलाब, पाय गरम पाण्यात, मोहरीचे लेप. खायला फक्त रस्सा. आणि तासातासाला डोळा धुणं, रात्रंदिवस.

यातल्या दोन गोष्टींना आजच्या नजरेने अर्थ आहे. तासातासाला धुणं, कारण त्याने पू आणि जंतू दोन्ही निघून जातात. आम्ही आजही तेच करतो. आणि बेलाडोना, कारण त्यातल्या द्रव्याने बाहुली मोठी होते, आतले स्नायू सैलावतात, दुखणं कमी होतं आणि बाहुली मागे चिकटून बसत नाही; त्याच झाडातून मिळालेलं अ‍ॅट्रोपिन आमच्या ट्रेमध्ये असतं. बाकीचं सोसणं होतं. डाग दिल्यावर सुजलेल्या पापणीत काय आग होत असेल, ते मी इथे लिहिणार नाही.

आठवणींत एक गोष्ट स्पष्ट दिसते: ती रुग्ण झाली तरी तिच्यातली विद्यार्थिनी गप्प बसली नाही. प्रत्येक उपचाराचं नाव, क्रम, वेळ तिने लक्षात ठेवली. डोळे मिटलेले असताना ती कानांनी केस फॉलो करत होती. भोवतीच्या माणसांच्या आवाजात फरक पडला, तेव्हा डोळा हातचा गेलाय हे तिला त्या स्वरावरूनच कळलं. तिची बहीण अ‍ॅना पॅरिसमध्ये होती, ती भेटायला येत राहिली.

तीन दिवसांनंतर

रोगाने करायचं ते करून टाकलं होतं.

कॉर्नियावर पांढुरका पापुद्रा धरला होता. ब्लो वाकून, अतिशय हळुवार हाताने, बाहुलीवर आलेला तो पापुद्रा काढायचा. काढला की एक क्षणभर तिला त्याचा चेहरा स्वच्छ दिसायचा. मग पुन्हा उजेड मावळायचा. काही वेळा हे घडलं, आणि मग दिसणं थांबलं.

डॉक्टर म्हणून मी या प्रसंगात ब्लोच्या जागी उभी राहिलेय. शिक्षणात आपल्याला पुढचं पाऊल शिकवतात. काही करण्यासारखं उरलं नाही तेव्हा हात कुठे ठेवायचे, हे कुणी शिकवत नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या त्या पोराने ते कसं पेललं असेल? ज्या बाईकडून इंग्रजीचे धडे घ्यायचे, जिच्याशी सूक्ष्मदर्शकाबद्दल बोलायचं, तिच्या डोळ्यातला शेवटचा उजेड आपल्या चिमट्याच्या टोकाशी जाताना बघायचा. त्याने हात काढून घेतला नाही. तेवढं त्याच्या वाट्याला आलं, आणि तेवढं त्याने केलं.

तीन आठवडे

उजव्या डोळ्यालाही दाह झाला होता. तीन आठवडे ती दोन्ही डोळे मिटून अंथरुणावर पडून राहिली. या तीन आठवड्यांत प्रश्न एका डोळ्याचा नव्हताच. उजवाही गेला तर जिनिव्हाची पदवी, ला मातेर्नितेची रात्रपाळी, सर्जन व्हायचं ठरवलेलं आयुष्य, सगळंच जाणार होतं. मग उजवा हळूहळू उघडू लागला.

मेडिकलच्या मुलाची दृष्टी धोक्यात येते तेव्हा पहिले काही दिवस हाच हिशेब चालतो, मग कारण पुवाचं असो, पडदा सुटण्याचं असो की काचबिंदूचं. मी परीक्षा देऊ शकेन का? स्लाइड बघू शकेन का? टाके घालता येतील का? आईवडिलांना कसं सांगू, कर्ज काढलंय त्यांनी? डोंबिवली-कल्याणच्या घरांत मेडिकलची सीट म्हणजे अख्ख्या कुटुंबाचा प्रकल्प असतो, आणि तो प्रकल्प एका पडद्यावर, एका पारदर्शक थरावर उभा आहे हे एका रात्रीत कळतं. अशा मुलाला मी उत्तरं एकदम देत नाही. आधी विचारते, आत्ता काय दिसतंय ते सांग. जे दिसतंय त्याची यादी करायला लावते.

कायद्याची बाजूही त्याला माहीत असावी. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला सांगतो. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला, तर आपल्या मोजमापात ते ३० टक्के धरलं जातं. आरक्षणाची रेषा ४० ची, म्हणून ही मुलं अनेकदा दोन्हीकडून बाहेर राहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं की नुसत्या टक्क्याच्या आकड्यावर एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासून लिहायला हवं. त्याचा दोष बोलण्याचा होता, डोळ्यांचा नव्हता. पण पुढच्या मुलांना तो निकाल उपयोगी पडेल.

नोव्हेंबरअखेर

ब्लॅकवेल ला मातेर्नितेतून बाहेर पडली. याच सुमारास काकांना लिहिलेल्या पत्रात तिने आपण अजूनही जगातली पहिली स्त्री सर्जन होणार असल्याचं कळवलं. डावा डोळा गेलेला, उजव्याने फार वेळ वाचता येत नाही, आणि हे पत्र. मला यात धीटपणा दिसतो, आणि त्याच्या तळाशी न कबूल केलेली भीतीही दिसते. दोन्ही खऱ्या असाव्यात.

कारण सर्जरीला दोन डोळे लागतात. दोन डोळ्यांच्या दोन किंचित वेगळ्या चित्रांतून मेंदू खोली जोखतो. सुई किती आत गेली, रक्तवाहिनी पात्यापासून किती लांब आहे, हे एका डोळ्याने कळतं, पण उशिरा आणि अंदाजाने. सवयीने माणूस बरंच भरून काढतो: सावल्यांवरून, मान हलवून, स्पर्शावरून. एका डोळ्याची माणसं गाडी चालवतात, शिवणकाम करतात. पण १८५० मध्ये, जेव्हा भूल नुकतीच आली होती आणि सर्जनची ख्याती त्याच्या वेगावर ठरत होती, तेव्हा एका डोळ्याच्या बाईला कुणी चाकू हाती दिला नसता.

१८५०

उन्हाळ्यात ती सायलेशियातल्या ग्रेफेनबर्गला प्रिसनित्सच्या जलोपचारांसाठी गेली. गार पाण्याच्या आंघोळी, ओल्या चादरी, डोंगरातली चाल. तिथेच डाव्या डोळ्याने पुन्हा जोराची उचल खाल्ली. ती कशीबशी पॅरिसला परतली, आणि ऑगस्टमध्ये नेत्रतज्ज्ञ देमारने तो डोळा काढला. त्या जागी काचेचा डोळा बसला. सर्जन व्हायचं राहिलं.

त्या मे महिन्यात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलची परवानगी तिला आधीच मिळाली होती. ऑक्टोबरात ती तिथे हजर झाली, जेम्स पॅजेट यांच्या वर्गात. हॉस्पिटलचे सगळे विभाग तिला मोकळे होते, एक सोडून: स्त्रियांच्या आजारांचा विभाग. तिथल्या प्राध्यापकाने तिला पाऊल टाकू दिलं नाही. ती उरलेल्या सगळ्या वॉर्डांत फिरली आणि उजव्या डोळ्याला झेपेल तेवढं वाचत राहिली.

१२ मे १८५७ ला न्यूयॉर्कमध्ये गरीब बायकामुलांसाठी तिचं हॉस्पिटल उघडलं. मरी झाक्रझेव्स्का आणि धाकटी बहीण एमिली सोबत होत्या. एमिली एडिनबर्गला सिम्पसन यांच्या हाताखाली तयार झालेली. शस्त्रक्रिया तिच्याकडे गेल्या. १८६८ मध्ये हॉस्पिटलला जोडून मुलींचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. एलिझाबेथने त्यात शिकवायला एक विषय घेतला. तो होता स्वच्छताशास्त्र. नुसत्या वर्गातल्या व्याख्यानांवर तिचं समाधान नव्हतं. गरिबांच्या वस्त्यांत घरोघर जाऊन आयांना बाळाची निगा आणि स्वच्छता शिकवण्यासाठी तिच्या हॉस्पिटलने एक जागा तयार केली, आणि तिथे नेमली गेली रिबेका कोल, अमेरिकेत डॉक्टर झालेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक. कोल तळघरांत, माळ्यांवर, एका खोलीत राहणाऱ्या बिऱ्हाडांत जाऊन तान्ह्या बाळांच्या आयांशी बोलत असे.